परमुलखातून आलेली घरं आणि कोल्हापूर: तुमचे अनुभव लिहा

कोल्हापूर म्हटलं की १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासूनच्या वसतिगृहांचं कौतुक निघतंच, आणि ते रास्तही आहे. पण ज्यांचे आईबाप नुसतं पोट घेऊन इथं आले, बोर्डिंगचा पत्ता सांगणारंही ज्यांना कुणी नव्हतं, त्यांच्या पोरांना वाट कुठं सापडली? सजवू नका, घडलं तसं लिहा.

शिरोली

वडील बिहारमधून आले. फौंड्रीत फेटलिंगला होते, म्हणजे ओतून आलेल्या कास्टिंगचे कंगोरे ग्राइंडरनं घासायचे. घरी आले की नाकातून काळं निघायचं. घरात भोजपुरी, शाळेत मराठी. मी कोल्हापुरी शिव्या आधी शिकलो, बाराखडी नंतर. दहावी झाल्यावर मीही फौंड्रीत यावं असं वडिलांचं म्हणणं. घरमालकीण मावशींनी ते ऐकलं आणि कळंबा रोडच्या आयटीआयचा फॉर्म स्वतः आणून दिला. टर्नर (लेथवर काम करणारा) झालो. मग उद्यमनगरात एका शॉपमध्ये लागलो. मिस्त्री मायक्रोमीटरला हात लावू देत नव्हते, "आधी झाडू मार" म्हणायचे. लई राग यायचा. पण त्याच मिस्त्रींनी पुढं जुनी लेथ कुठं स्वस्तात मिळेल ते सांगितलं, आणि पहिलं जॉबवर्कही त्यांच्याच शब्दावर आलं. आता भाड्याचा गाळा आहे. काम असलं तर जेवायला सवड नाही, नसलं तर दिवसभर चहा. वडिलांची छाती मात्र गेली ती गेलीच.

गांधीनगर

आम्ही सिंधी, फाळणीत आलेले. वळिवड्याच्या ज्या कॅम्पात १९४३ ते १९४८ पोलंडचे निर्वासित राहिले, तिथंच आजोबांना जागा मिळाली. ते सायकलवर कापड बांधून खेडोपाडी विकत. आज इथला होलसेल बाजार बघून लोकांना वाटतं, सिंधी म्हणजे पैसेवाले. आमचं दुकान कधी झालंच नाही. वडील दुसऱ्याच्या दुकानात नोकर. मी बारावीत असताना तिथला मुनीम सोडून गेला आणि शेठनी मला वही लिहायला बसवलं (पोरगी स्वस्तात मिळते म्हणून, दुसरं काही नाही). टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, तिथंच शिकले. २०१७ ला जीएसटी आला, बाजाराची धांदल उडाली आणि माझं नशीब उघडलं. आता बऱ्याच दुकानांची रिटर्न्स मी भरते.

राजेंद्रनगर

माझं गोड नाही, चालेल ना? आम्ही वडार, विजापूरकडचे. आजोबा आणि वडील खाणीवर दगड फोडायचे. महाराष्ट्रात भटक्या-विमुक्तांच्या दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ आधीपासून इथं राहत असल्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नाही, मग कागद येणार कुठून? डिप्लोमाला खुल्या गटातून बसलो, फी आईनं बचत गटातून उचलली. आज साइट सुपरवायझर आहे. शिकलो, पण सवलत मिळून शिकलो असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं.

मूळ बीड

आईवडील ऊसतोडीला यायचे, एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी. दिवाळी झाली की ट्रॅक्टर, पाचटाची खोपी, पहाटे मोळ्या. मी धाकट्याला सांभाळायची. शाळा निम्म्या वर्षाची. साखरशाळेतल्या (ऊसतोड्यांच्या पोरांची शाळा) बाईंनी वडिलांना सांगितलं, हिला गावाकडं आजीपाशी ठेवा. त्यांनी ठेवलं, आणि टोळी आणणारा मुकादम हसला. बी.ए.नंतर शिवाजी विद्यापीठात आले, ते 'कमवा आणि शिका'मुळंच: काम केलं की राहण्याजेवणाची सोय. आम्ही ज्या जिल्ह्यात ऊस तोडला त्याच जिल्ह्यात एम.ए. केलं. नोकरी लागल्यावर पहिली गोष्ट केली, बँकेचं कर्ज काढून मुकादमाची उचल (आधी घेतलेले पैसे) फेडली. आईवडील यंदा टोळीत नाहीत. हप्ते चालू आहेत.