मदत हवी आहे: ट्रान्सप्लांटचे केस गळतायत, हेअरलाइनही फार वर ठेवलीय. खाली घेता येईल का?

स्लो_लोकल
मंडळी, जरा लवकर सांगा. ट्रान्सप्लांट केलं आणि लावलेले केस गळायला लागलेत. आज सकाळी उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर मोजले, 31 निघाले. प्रत्येकाच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका आहे, म्हणजे मुळासकटच आले ना? पैसे पाण्यात का?
दुसरं, हेअरलाइन. डॉक्टरांना कॉलेजच्या आयकार्डावरचा फोटो दाखवला होता. त्यांनी त्याहून चांगली दोन बोटं वर ठेवली. तीही सरळ नाही, करवतीच्या दात्यांसारखी. दादा म्हणतो, एवढे पैसे घालवून कपाळ होतं तेवढंच घेऊन आलास. आत्ताच खाली घ्यायला सांगू का? रिसेप्शनवाली प्रत्येक फोनला 'नॉर्मल आहे सर' म्हणते आणि ठेवते.

चकाचक
केलं म्हणजे कधी केलं? परवा? गेल्या दिवाळीत? वय किती, ग्राफ्ट किती, म्हणजे केसांची मुळं किती लावली? काहीच न सांगता लवकर सांगा काय!

माक्याचं_तेल
गळती आहे ना, मग घरी केलेलं माक्याचं तेल रोज रात्री खसाखसा चोळ. आमची आजी ऐंशीची झाली तरी वेणी कमरेपर्यंत. कसलं ट्रान्सप्लांट न् कसलं काय.

ओपीडीतून
@माक्याचं_तेल, हात जोडते. ताज्या ट्रान्सप्लांटवर खसाखसा काहीही चोळायचं नाही. आजींना नमस्कार सांगा.
@स्लो_लोकल, तारीख सांगा आधी.

स्लो_लोकल
आज 24वा दिवस. 2,150 ग्राफ्ट, एफयूई, म्हणजे मागून एकेक मूळ सुटं काढून. वय 26. त्याने काय फरक पडतो? केस गळतायत हे तर खरंय ना.

ओपीडीतून
सगळा फरक त्यानेच पडतो. तिसऱ्या दिवशी केस रक्तासकट निघाला असता तर मीच म्हटलं असतं, पळा क्लिनिकला. 24व्या दिवशी गळणं अपेक्षितच आहे. मागून काढून पुढे लावताना मुळाला धक्का बसतो, मग ते वरचा केस टाकून देतं आणि विश्रांती घेतं. साधारण दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात बहुतेक लावलेले केस असेच जातात. मूळ कातडीखाली शाबूत असतं. टोकाचा पांढरा ठिपका म्हणजे केसाचंच खालचं फुगीर टोक, आपोआप गळलेल्या कुठल्याही केसाला दिसतो. तो ग्राफ्ट नव्हे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जावळासारखे बारीक केस येतील, सहाव्यापर्यंत निम्मं चित्र दिसेल, पुरता निकाल बारा ते अठरा महिन्यांनी. मधे मुरुमांसारखे फोड आले तर नखाने फोडू नका, पू किंवा दुखणं वाढलं तर दाखवा.
खपल्या निघाल्या का सगळ्या?

स्लो_लोकल
खपल्या चौदाव्या दिवशी संपल्या. पण एक सांगायचं राहिलं. 12व्या दिवशी ऑफिसला गेलो. कल्याण फास्टला दारातून आत शिरताना वरची धरायची कडी बरोबर डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात खण्णकन. रक्त नाही आलं, पण तिकडचेच केस जास्त गळतायत असं वाटतंय.

चकाचक
बाराव्या दिवशी फास्ट लोकल? भाऊ, तुझं डोकं आधीपासूनच जरा नाजूक दिसतंय.

ओपीडीतून
ग्राफ्ट साधारण दहा दिवसांत पक्के बसतात. रक्त नाही, म्हणजे काळजी नको. तुम्ही आरशात तोच कोपरा बघत बसलाय म्हणून तिकडचेच मोजले जातायत.

गिरगावकर_काका
एवढा उपद्व्याप कशाला म्हणतो मी. मी 1998 पासून दर रविवारी वस्तरा फिरवतो. शाम्पूचा खर्च शून्य. आणि 2019 मध्ये आपल्या मुंबईतच एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला होता, पेपरात सगळीकडे आलं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण जीवाला असतं की नाही?

ओपीडीतून
काका, ऑपरेशन आहे, धोका असतोच. म्हणूनच बघायचं की कोण करतंय. नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्ये सांगितलंय की हे काम प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरांनीच करायचं. पण ह्याला आता 24 दिवस झालेत, त्याला घाबरवून काय मिळणार?

गिरगावकर_काका
घाबरवत नाही, सावध करतोय. आणि त्या केसगळतीच्या गोळ्यांनी पुरुष बाद होतो म्हणे, तेही सांगा पोराला.

परळकर
'म्हणे' वर औषधं ठरत नाहीत काका. मी नऊ वर्षं फिनास्टेराइड घेतोय, म्हणजे मूळचे केस टिकवायची तीच गोळी. दोन पोरं आहेत, दोन्ही गोळी चालू असताना झाली.

ओपीडीतून
दोघंही थोडं थांबा. काहींना लैंगिक त्रास होतो हे खरंय, म्हणून डॉक्टरशी बोलूनच घ्यायची. गरोदर बाईने तुटलेली गोळी हाताळू नये हेही खरंय. पण 'बाद' वगैरे नाही. @स्लो_लोकल, तुम्हाला दिलीय का?

स्लो_लोकल
दिली होती. व्हिडिओ बघून बंद केली. प्रश्न गोळीचा नाहीये पण. हेअरलाइनचं कोणी बोलतच नाहीये.

नवी_मुंबई_77
इस्तंबूलला जाऊन केलं तर किती पडतं? तिकडे हॉटेलपण धरून देतात म्हणे.

परळकर
हेअरलाइनचं मी बोलतो, कारण मी ते भोगलंय. 24 वर्षांचा होतो. मीपण फोटो घेऊनच गेलो होतो, एका नटाचा. डॉक्टरने एकही प्रश्न विचारला नाही, जिथे बोट ठेवलं तिथे मार्करने रेघ मारली, भुवयांपासून जेमतेम साडेपाच सेंमी, पट्टी लावल्यासारखी सरळ. दोन वर्षं मजेत गेली, लोकलच्या खिडकीत स्वतःलाच बघायचो. मग त्या रेघेमागचे केस जायला लागले, तेही माझे मूळचे. लावलेले मात्र जागच्या जागी, कारण ते डोक्याच्या मागून आणलेले, त्यांना कायमचं गळायचं माहीतच नसतं. तिसाव्या वर्षी अवस्था अशी की पुढे दाराला बांधलेलं तोरण आणि आत रिकामं घर. मागून आणखी केस आणून ते घर भरायचं तर डोनर एरिया, म्हणजे डोक्यामागची केस काढायची जागा, बराचसा संपलेला. शेवटी दुसऱ्या डॉक्टरने तोरणातले तीनेकशे ग्राफ्ट उपटून मागे सरकवले. त्याचेही पैसे वेगळे.
तुझ्या डॉक्टरने वर ठेवली ना? पेढे दे त्याला.

स्लो_लोकल
पण सव्वासात सेंमी आहे माझी! आणि वाकडी.

ओपीडीतून
सव्वासात चांगली आहे. मोठ्या पुरुषाची हेअरलाइन साधारण सात-आठ सेंमीवरच असते. आयकार्डावरची सतराव्या वर्षाची होती, ती तशीही मागे सरकतेच. वाकडी आहे ती मुद्दाम. घरातल्या कोणाही पुरुषाचं कपाळ जवळून बघा, रेघ कुठेही सरळ नसते. पुढच्या ओळीत एकेका केसाचे ग्राफ्ट, त्यामागे दोन-तीन केसांचे, म्हणजे दाटपणा हळूहळू वाढतो. सरळ रेघेत दाट केस लावले की बाहुली दिसते.

चकाचक
मला एक कळत नाहीये. 2,150 सगळे पुढेच लागले? भोवऱ्याजवळ कसं आहे? मागून फोटो टाक बरं.

स्लो_लोकल
मागचा प्रश्न नाहीये.

चकाचक
मी प्रश्न विचारतोय, उत्तर दे.

मुलुंडची_सून
मी वेगळंच विचारते. घाई कसली आहे? नवऱ्याने केलं तेव्हा वर्षभर आरसा सोडून सगळ्यांना विसर पडला होता. लग्न ठरलंय का? आणि तिला सांगितलंय का?

स्लो_लोकल
डिसेंबरमध्ये आहे. साखरपुडा झाला. तिला सांगितलं नाही अजून. टोपी घालून भेटतो, म्हणालो सर्दीसाठी.

मुलुंडची_सून
जुलैत सर्दीसाठी टोपी. ती हसत असणार रे बाबा. सांगून टाक.

गिरगावकर_काका
आमच्या लग्नात मला टक्कल होतं, बायकोला आधी दिसलं आणि तरी हो म्हणाली.

परळकर
काका, तुमचं लग्न ह्या धाग्यात कुठून आलं?

माक्याचं_तेल
डिसेंबरला पाच महिने आहेत. तोवर कांद्याचा रस लावला तरी

ओपीडीतून
नको!!

स्लो_लोकल
फोटो आईकडून काढून घेतला. भोवऱ्याजवळ पाच रुपयांच्या नाण्याएवढं विरळ आहे, कातडी दिसते. मला वाटलं होतं ते उजेडामुळे. आई म्हणाली, दोन वर्षं झाली, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. बाबांचं पण तिथूनच सुरू झालं होतं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच मागे कॅमेरा लावून दाखवलं होतं आणि म्हणाले होते, काही ग्राफ्ट राखून ठेवू. तेव्हा मी पुढच्या रेघेचाच विचार करत होतो.

चकाचक
म्हणजे तू सांगायचं टाळलंस ते नेमकं हेच.

परळकर
हेअरलाइन खाली घेतलीस तर भोवऱ्याला उद्या काय घालशील? आधी गोळीचं डॉक्टरशी बोल. रेघेचं एक वर्षाने.

स्लो_लोकल
शनिवारी भेटतोय त्यांना. गोळी का बंद केली ते खरं सांगतो. पण डिसेंबरला पुढे विरळच दिसणार ना मग?

ओपीडीतून
पाच महिन्यांनी बऱ्यापैकी असतील, बारीक आणि थोडे पातळ.

मुलुंडची_सून
कपाळावर मुंडावळ्या आणि वर फेटा, कोणाला काय दिसणार. फक्त मुंडावळ्यांची दोरी मागे बांधतात ती बरोबर केस काढलेल्या जागेवर बसते. नवऱ्याला तिथे सहा महिने बधिर वाटायचं, मग एकदम टोचायचं. सैल बांधायला सांग.

नवी_मुंबई_77
इस्तंबूलचं कोणी सांगणार आहे का?