पंचगंगेतले मासे ऊन लागून मरत नाहीत

भोयाचा पोरगा (शिरोळ)
काल एकाने लिहिलं होतं, "पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यात मासे मेले की लगेच साखर कारखान्यांच्या नावानं बोंब. उन्हाळ्यात पाणी आटतं, तापतं, मासे मरणारच. भोयांनी आता दुसरा धंदा बघावा."

शेवटचं वाक्य लई लागलं. आमच्या तीन पिढ्या या पाण्यावर जगल्या. ऊन आजोबांच्या काळीही होतं. नदीची डबकी व्हायची, तरी डोहात वाम आणि मरळ तगून राहायची. उन्हानंच मरायचे तर मे महिन्यात मरावेत. मी पाहिलेली मर बहुतेक गळीत हंगामातली, म्हणजे थंडीत कारखाने ऊस गाळतात तेव्हाची. डिस्टिलरीच्या मळीच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, लिटरला चाळीस हजार मिलिग्रॅमच्या घरात असतो, नदीत सोडायची मर्यादा ३० आहे. असलं पाणी आलं की विरघळलेला ऑक्सिजन संपतो. पहाटे तो मुळातच सगळ्यात कमी असतो. म्हणून मासे तांबडं फुटायच्या आधी वर येऊन तोंड उघडझाप करतात.

आणि मरळ तर वर येऊन हवा घेते, तिला कमी ऑक्सिजनचं एवढं काही नसतं. गेल्या खेपेला मरळसुद्धा पोट वर करून तरंगत होती. ती कशानं मेली ते सांगा.

ऊसवाला
आकडे मलाही येतात. आता डिस्टिलरीला एक थेंब बाहेर सोडायची परवानगी नाही. मळीचं पाणी आटवून बॉयलरात जाळतात, नाहीतर कंपोस्टात घालतात. कोल्हापूरच्या जयंती नाल्याचं काय? अख्ख्या शहराची घाण येते, त्यावर कुणी बोलत नाही. माझ्या दोन पोरींची शिक्षणं उसावर झाली, कारखाना बंद पाडून तुम्ही आम्हाला काय खायला घालणार?

आणि गरिबीचं सांगू नका. मर लागली की बेशुद्ध मासे पोत्यात भरून बाजारात कोण विकतं? माझ्या घरात सगळ्यांना जुलाब झाले होते.

भोयाचा पोरगा (शिरोळ)
तोंड सांभाळून बोला. कारखाना बंद करा असं मी कुठं म्हटलं? त्या दिवशी पुलावर गाड्या लावून, पँटी वर करून पाण्यात उतरले ते भोई नव्हते. आमच्या आईनं मेलेला मासा कधी उंबऱ्याच्या आत घेतला नाही.

इचलकरंजीकर
मरळ रसायनानं मेली म्हणत बोट आमच्याकडेच येणार, म्हणून लिहितो. मी १४ वर्षं प्रोसेसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात काढली. आमच्या गावातून नदीला मिळणाऱ्या काळ्या ओढ्याचं पाणी कधी लाल, कधी निळं, हे खरं आहे. रात्री काय सोडलं जायचं तेही माहीत आहे. पण २०१२ च्या काविळीत आमच्याच गल्लीत माणसं गेली. आम्हीही याच नदीचे आहोत. इचलकरंजीला प्यायला सुळकूडहून दूधगंगेचं पाणी मागितलं तर कागलवाले अंगावर येतात, म्हणतात आधी तुमची नदी साफ करा. पण आमच्यापर्यंत येतानाच ती घाण झालेली असते!

ऊसवाला
सुळकूडचा विषय इथं नको. पोत्यांचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

कुरुंदवाडची मासेवाली
मी देते उत्तर. बाजारात बसते मी, वीस वर्षं झाली. पूर्वी गिऱ्हाईक विचारायचं, "मावशी, नदीचा हाय का?" नदीचा म्हटलं की दोन पैसे जास्त द्यायचं. आता तेच गिऱ्हाईक म्हणतं, "नदीचा असंल तर नको." म्हणून आंध्रचा बर्फातला रोहू, कटला विकते.

आणि दादा, तुम्ही म्हणता ते खोटं न्हाई. एकदा मीपण घेतले होते, पाच किलो. मालक दवाखान्यात होते, हातात पैसा नव्हता. ते मासे बघून कळत न्हाईत, अजून धुगधुगी असते, कल्ला लाल, डोळा टप्पोरा. चिरल्यावर मळीचा वास आला, तवर निम्मे विकले होते. कुणाच्या पोरानं खाल्ले असतील, हे अजून मनातून जात न्हाई. पण नदीत घाण मी सोडली न्हवती.

ऊसवाला
मावशी, तुम्हाला उद्देशून नव्हतं.

बरं, एक मान्य करतो. माझी मोटर बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे. फेब्रुवारीत पाण्याला गुळचट कुबट वास येतो, फेस दोन दोन दिवस हटत नाही. हा वास शहराच्या गटाराचा नाही, एवढं मलाही कळतं. पण सगळा दोष एकट्या उसावर घालू देणार नाही.

भोयाचा पोरगा (शिरोळ)
एकट्या उसावर कुणीच घालत नाही. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्या की शहराचं, प्रोसेसचं, मळीचं सगळं एकाच जागी साचून कुजतं. मग बरगे काढले की तो काळा लोंढा एकदम खाली येतो, माशाला पळायला जागाच उरत नाही. नमुना घ्यायला साहेब आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर वरून चांगलं पाणी सोडलेलं. अहवालात सगळं ठीक. जाळी फाटली, होडी कुजली, भरपाईला आमचं नाव कुठल्याच कागदात नाही.

ऊसवाला
बरगे काढायच्या आदल्या रात्री फोन कर. मोटरीपाशीच असतो मी, पहाटे पाणी भरून ठेवतो. पण इचलकरंजीकर, तुम्ही काळ्या ओढ्याची बाटली भरायची आणि जयंती नाल्याचीही आणायची. तिन्ही एका वेळी तपासून घेऊ. एकट्या माझ्या मोटरीची तेवढी नेणार असाल तर मी येत नाही.

इचलकरंजीकर
आणतो. रात्री दोनला भरतो, दिवसा त्यात काही सापडणार नाही.