शब्दचर्चा: 'कंपोनंट' घटक, तर मग 'एलिमेंट' कोण?

तळटीप
मंडळी, अडकलेय. दादरच्या एका वर्गासाठी वेब डिझाइनची पुस्तिका मराठीत करतेय. मुलं बहुतेक मराठी माध्यमातली, छपाईच्या दुकानात कोरलड्रॉवर लग्नपत्रिका करत आलेली. सगळी पुस्तिका सरळ गेली, एकच वाक्य घशात अडकलंय. आशय असा: प्रोग्रामरने एकदा तयार केलेला 'रियूजेबल कंपोनंट' डिझायनरला पानाच्या मार्कअपमध्ये (पानाचा खुणा घालून लिहिलेला मजकूर) नुसता एक टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, लिहून हवा तिथे ठेवता येतो, आतला कोड उघडावा लागत नाही. असा टॅग म्हणजे 'कस्टम एलिमेंट'.

कंपोनंटला मी 'घटक' केलं. एलिमेंटलाही (टॅगने दाखवलेला पानाचा एक भाग) आधीच्या प्रकरणात 'घटक'च करून बसलेय. पुढे 'युनिट टेस्ट' आली, तिचं तर शाळेपासून 'घटक चाचणी' ठरलेलं. वाक्य झालं: 'हा घटक स्वनिर्मित घटक असून त्याची घटक चाचणी घ्यावी.' तपासणाऱ्या सरांनी समासात नुसतं एक उद्गारचिन्ह काढलंय. सोमवारी फाइल द्यायचीय.

अनुस्वार
एलिमेंट = मूलघटक, कंपोनंट = संघटक. प्रश्न मिटला.

परळकर
'संघटक' नको हो. आमच्या वॉर्डात तीन आहेत.

अनुस्वार
मग 'अवयव' घ्या. कोणत्याही रचनेचा भाग तो अवयव, न्यायशास्त्रापासून चालत आलेला शब्द आहे.

तळटीप
या मुलांनी अवयव फक्त गणितात पाडलेत. इथे जोडायचे आहेत. 😀

परळकर
एवढं कशाला? मराठी विकिपीडियाने केव्हाच सोडवलंय हे: 'साचा'. दुहेरी महिरपी कंसात साच्याचं नाव लिहायचं, तयार चौकट पानात उमटते. लिहिणाऱ्याला आतली भानगड माहीत असावी लागत नाही. तुमचं वाक्य नेमकं हेच सांगतंय.

रात्रपाळी
मी हेच काम करतो, म्हणून बोलतो. 'साचा' दिलात तर पुढच्या पानावर अडकाल. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान लिहायच्या भाषेत, 'टेम्प्लेट' नावाचा वेगळा टॅग आहे. त्यात लिहिलेलं पानावर दिसत नाही, उचलून प्रत काढेपर्यंत निपचित पडून असतं. खरा साचा तो. कंपोनंट म्हणजे साच्यातून निघालेली मूर्ती, शिवाय ती हलते-बोलते.

'रियूजेबल'ला काय केलंत ताई?

तळटीप
'पुनर्वापरयोग्य'. का?

रात्रपाळी
तो शब्द वाचला की मला सोसायटीतला सुक्या कचऱ्याचा डबा दिसतो. थट्टा सोडा, अर्थही चुकतोय. मांडववाल्याचा बांबू पुन्हा वापरतात: आधी गणपतीला, मग नवरात्राला. दोन्हीकडे एकाच वेळी तो उभा राहू शकत नाही. कंपोनंट एकाच पानावर वीस ठिकाणी एकदम असतो. व्याख्या एक, प्रत्येक जागी नवी प्रत. हा बांबू नाही, रबरी शिक्का आहे.

तळटीप
हे पटलं. पण मग विशेषण काय? 'बहुवापरी'?

अनुस्वार
'बहुवापरी' हा संकर आहे. 'बहु' तत्सम, 'वापर' तत्सम नाही.

परळकर
'बहुरंगी' चालतं की.

अनुस्वार
'रंग' संस्कृतच आहे.

खिळेकाका
उशिरा येतोय. मी गिरगावात छापखान्यात सत्तावीस वर्षं खिळे जुळवले, नंतर डीटीपी आलं. तुमचा 'मार्कअप' शब्द संगणकवाल्यांचा नव्हे, आमचा आहे. हस्तलिखितावर पेन्सिलीने खुणा करून जुळाऱ्याला सांगायचं: हे ठळक, हे तिरकं, इथे बारा पॉइंट, इथे पट्टी. ते मार्कअप. खूण स्वतः छापून येत नाही, कसं छापायचं ते सांगते. आजचा टॅग तरी दुसरं काय करतो? ज्या गल्ल्यांत हे काम चालायचं त्याच भागात जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता, त्यांचा टाइप बघून आमच्या पिढीचे डोळे तयार झाले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आमच्याकडे त्याला 'ब्लॉक' म्हणत. नावाचं बोधचिन्ह, मासिकाचं शीर्षक, कायमची जाहिरात, यांचे जस्ताचे ब्लॉक एकदा करून खणात ठेवलेले. संपादक कागदावर चौकोन काढून लिहायचा 'येथे ब्लॉक'. तो कसा कोरलाय याच्याशी त्याला कर्तव्य नसे. आम्ही उचलून फर्म्यात बसवायचो (फर्मा म्हणजे जुळवलेल्या पानाची चौकट). झाला की तुमचा कंपोनंट!

तळटीप
काका, अप्रतिम. 'येथे ब्लॉक' हे मी प्रस्तावनेत घालणार.

रात्रपाळी
काका, नमस्कार. दोन अडचणी सांगतो, रागावू नका. एक, सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी भाषा) 'ब्लॉक' आधीच आहे: पूर्ण ओळ अडवून बसणारा भाग. दोन, आजच्या पोरांना ब्लॉक म्हटलं की भांडण होऊन व्हॉट्सॲपवरून घालवलेला माणूस आठवतो.

अनुस्वार
आणि इंग्रजीला पर्याय म्हणून इंग्रजीच देणार असू तर चर्चा कशाला? सावरकरांनी 'महापौर', 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज मेयर म्हणतं कोण?

परळकर
मान्य, महापौर रुजला. पण दिनांक कागदावरच राहिला. तोंडी 'तारीख'च म्हणतो आपण, आणि ती अरबीतून आलेली. न्यायालयातही 'तारीख पडते', दिनांक पडत नाही.

नाक्यावरचा
वरती 'साचा' म्हणजे ओतायचं भांडं असं गृहीत धरून सगळे चाललेत. आमच्याकडे साचा म्हणजे माग. बाबा गिरणीत साचेवाले होते. दोन साचे सांभाळायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. बाबा संध्याकाळी नाक्यावरून यायचे आणि म्हणायचे, 'साचे थंड पडलेत.' मला वाटायचं, साचे आजारी आहेत.

अनुस्वार
मागाला 'माग'च म्हणतात. 'हातमाग', 'यंत्रमाग' शासकीय शब्द आहेत. साचा म्हणजे ओतीव वस्तूचा आकार. आपल्या ऐकण्यात गफलत असावी.

नाक्यावरचा
अहो, ज्या शब्दावर आमच्या घरात चूल पेटायची तो ऐकण्यात गफलत कशी होईल? लालबाग-परळात कुणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्रासनवाला, साचेवाला, जॉबर, हे आमचे शब्द. 'यंत्रमाग' मी पहिल्यांदा भिवंडीबद्दलच्या बातमीत वाचला.

परळकर
नाक्यावरचे बरोबर आहेत. आमच्या चाळीतही साचेवालेच म्हणत. मला वाटतं हा 'साच' म्हणजे खरा, त्यातून आला असावा. ज्ञानेश्वरीत 'साच' येतोच. ज्यातून खरा आकार निघतो तो साचा.

अनुस्वार
चूक. संस्कृतात 'सञ्चक' म्हणजे साचा. 'सत्य'वरून आलेला 'साच' वेगळा.

भुलेश्वरची
मध्येच बोलते. आमच्या शेजारच्या बा शिवणयंत्राला 'संचो' म्हणायच्या. गुजरातीत संचो म्हणजे यंत्र. मुंबईच्या गिरण्यांत गुजराती मालक, गुजराती कारकून. गिरणीतला 'साचा' ओतीव साच्यापेक्षा या संचोचा भाऊ असेल का? माझा आपला तर्क.

खिळेकाका
तर्क सुंदर आहे. आमच्या टाइप ओतण्याच्या साच्याला मात्र 'मोल्ड' आणि 'मातृका'च म्हणत.

तळटीप
मातृका! काय शब्द आहे. (पण माझं वाक्य…)

रात्रपाळी
वाक्याकडे येतो. ताई, शब्द कुठलाही घ्या, दोन गोष्टी पुस्तिकेत ठळक टाका. एक: अशा टॅगच्या नावात आडवी रेघ लागतेच. उद्या एचटीएमएलने स्वतःचा नवा टॅग काढला तर तुमच्या नावाशी टक्कर होऊ नये म्हणून ती सोय. नावाचं पहिलं अक्षर छोटं रोमन हवं. पण पुढे देवनागरी चालते! 'k' हे रोमन अक्षर, रेघ, आणि मग 'पत्रिका' असा टॅग नियमात बसतो.

दोन: बंद करणारा टॅग लिहायचाच. चित्राच्या टॅगसारखा शेवटी तिरकी रेघ मारून तो मिटत नाही. एका नव्या डिझायनरने आमच्याकडे तसंच केलं. ब्राउझरला वाटलं टॅग उघडाच आहे, पुढचं अर्धं पान त्याच्या पोटात गेलं. मी रात्री अकरापर्यंत जावास्क्रिप्टमध्ये चूक शोधत होतो, आणि चूक निघाली एका रेघेची.

अनुस्वार
त्या आडव्या रेघेला 'संयोगचिन्ह' म्हणतात.

रात्रपाळी
बरं, संयोगचिन्ह. आता 'स्लॉट'. कंपोनंटमध्ये डिझायनरने आपला मजकूर भरावा म्हणून सोडलेली जागा. मी 'खाच' म्हणायचो.

भुलेश्वरची
कोनाडा म्हणा! भिंत गवंड्याची, त्यात देव ठेवायचा की रॉकेलचा दिवा ते घरमालकिणीचं.

रात्रपाळी
घेतला. आजपासून कोनाडा. मग 'शॅडो डॉम'ला, म्हणजे बाकी पानापासून वेगळ्या ठेवलेल्या कंपोनंटच्या आतल्या रचनेला, माझा शब्द ऐका: सोवळं. बाहेरच्या सीएसएसने आतल्या गोष्टींना शिवायचं नाही.

परळकर
कडक सोवळं?

रात्रपाळी
नाही, सोयीचं. रंग आणि फॉन्ट वारशाने आत येतातच, वेगळं सांगितलं नसेल तर.

परळकर
म्हणजे आमच्या आत्यासारखं. कांदा चालत नाही, भजी चालतात.

अनुस्वार
विनोद म्हणून ठीक. पाठ्यपुस्तकात 'सोवळं' घातलंत तर अर्ध्या वर्गाला शब्द कळणार नाही आणि उरलेल्या अर्ध्याला लागेल.

नाक्यावरचा
हे पहिल्यांदाच पटलं तुमचं.

परळकर
मुंबईची चर्चा आणि अजून डबेवाला आला नाही? डबा पोचवतो, आत भाजी कुठली ते बघत नाही, झाकणावरच्या खुणेवर काम…

भुलेश्वरची
नको. प्लीज. प्रत्येक भाषणात असतो तो.

तळटीप
सोमवार उजाडला, फाइल गेली. काल वर्गात हे वाक्य तोंडी समजावून बघितलं, सगळे शब्द टाळून. एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, म्हणजे पत्रिकेवर गणपती बसवतो तसं ना? एकदा काढून ठेवलेला, मॅटर कुणाचंही असो, वर तोच आणून बसवायचा.' मी 'ठेवता येतो' खोडून 'बसवता येतो' केलं. क्रियापद मिळालं. नामाच्या जागी सध्या 'कंपोनंट' आहे, अवतरणचिन्हांत. खिळेकाका, तुम्हीही 'फर्म्यात बसवायचो' असंच लिहिलं होतंत, माझं लक्ष गेलं नव्हतं.

अनुस्वार
अवतरणचिन्हं म्हणजे शब्दाला पाहुणा म्हणून बसवणं. दुसऱ्या आवृत्तीत 'अवयव'चा विचार व्हावा.

खिळेकाका
अवतरणं दुहेरी घातलीत की एकेरी? आमच्याकडे एकाच शब्दाला एकेरी घालत.

नाक्यावरचा
आईला फोन करून विचारलं. साचाच म्हणायचे, ती म्हणाली, आणि शिवणयंत्राला मशीन. संचो तिने ऐकलेला नाही. मग विचारते, हे कुणाला एवढं हवंय रे? मी म्हटलं, एका ताईंना वेब डिझाइनच्या पुस्तकासाठी. म्हणाली, बाबांचं नाव येणार आहे का त्यात?