ख्रिस्ती पुस्तकांची गोडी परत कशी लागते? अनुभव सांगा

प्रवचनाची तयारी, स्पर्धेसाठी पाठांतर, उपवासकाळातला नेम, एवढ्यापुरतंच ख्रिस्ती पुस्तक उघडायचं आणि बाकी वर्षभर ते कपाटात, असं बऱ्याच घरांत होतं. आनंदासाठी वाचायचं तर कोणतं पुस्तक, कुठून सुरुवात, रोज किती आणि कुठे अडतं, ते नेमकेपणाने लिहा.

वसईहून

ख्रिस्तपुराण. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेलं, १६१६ साली गोव्यात राचोलला छापलेलं. ओव्या १०,९६२. रोज ३० वाचल्या तर ३६५ दिवसांनी जेमतेम १२ उरतात. तीस ओव्यांना मोठ्याने वाचून दहाएक मिनिटं पुरतात.

मोठ्यानेच वाचा. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात आणि चौथा आखूड. तो आखूड चरण कानावर पडला की अर्थ जागेवर बसतो. मनातल्या मनात वाचताना जुने प्रत्यय पावलोपावली अडवतात. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेल्या माणसाला तेच ओळखीचे वाटतात.

ग्रंथाचे दोन भाग आहेत, पहिलं पुराण आणि दुसरं पुराण. बहुतेकांचं वाचन पहिल्या पुराणातच थांबतं. ते बायबलच्या जुन्या करारावर आहे, लांब आहे. दुसऱ्या पुराणापासून सुरुवात करा, तिथे ख्रिस्तचरित्र आहे. फादर कारिदाद द्रागो यांच्या १९९६ च्या आवृत्तीत आजच्या मराठीतला अर्थ मिळतो, पण तो नंतर पाहावा. आधी अर्थ वाचला की ओवी नुसती पडताळणी होऊन बसते. आणि दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी ९० ओव्या ओढू नका. नेम मोडतो तो बहुधा अशाच दिवशी.

पणजीहून

वरच्यात भर. जुनी प्रत रोमी म्हणजे रोमन लिपीत आहे, १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमीतच. तिथे ‘श’ साठी इंग्रजी एक्स आणि ‘पुराण’ मधल्या ‘ण’ साठी दोन एन येतात. शब्दाच्या शेवटचा एम बहुधा अनुस्वार असतो. एवढं ध्यानात ठेवलं की दोन-तीन पानांत नजर बसते. ‘वैकुंठ’ सारखे शब्द आले की मनातल्या मनात ‘स्वर्ग’ करू नका. पुराण ऐकत वाढलेल्या श्रोत्यांसाठी कवीने ते वापरलेत, त्यांतच या ग्रंथाचा जीव आहे.

अहिल्यानगरहून

बायबलमधली स्तोत्रसंहिता. दीडशे स्तोत्रं, रोज पाच, तीस दिवस. हा हिशेब चोविसाव्या दिवशी फसतो. त्या दिवशी ११७ वं स्तोत्र दोन ओळींचं आणि ११९ वं १७६ ओळींचं! ११९ वं बाजूला काढा. त्यात आठ-आठ ओळींचे २२ गट आहेत, मुळात प्रत्येक गट हिब्रू वर्णमालेच्या एकेका अक्षराने सुरू होतो. महिना संपल्यावर रोज एक गट घ्या.

घरात दोघं असतील तर ओळ वाटून घ्या. हिब्रू कवितेत बऱ्याचदा ओळीचा दुसरा भाग पहिल्याचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत सांगतो किंवा पुढे नेतो. एकाने पहिला भाग म्हणावा, क्षणभर थांबून दुसऱ्याने दुसरा. एका दमात वाचलं की तेच तेच वाटतं, ते या थांब्याअभावी.

पुण्याहून

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. प्रसंगाप्रसंगाने लिहिलेलं पुस्तक, म्हणून एका बैठकीला दोन प्रसंग पुरे. संक्षिप्त आवृत्त्याही निघाल्या आहेत. शक्यतो पूर्ण प्रत घ्या, कारण घरातल्या बारीकसारीक गोष्टींतच त्यांची श्रद्धा दिसते आणि काटछाटीत आधी त्याच गळतात. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे अभंग मात्र वाचण्यापेक्षा म्हणावेत, टाळ असेल तर उत्तमच.

नाशिकहून

आजोबांच्या पेटीतली पुस्तकं काढणार असाल तर आधी हे करा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, शिवणीकडून बाहेरच्या दिशेने. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो, मग अक्षरंही जातात. गव्हाच्या पिठाची पातळ खळ आणि पातळ जपानी कागदाची पट्टी लावावी, वर वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावं. कसर लागलेलं पुस्तक वेगळं ठेवा. उन्हात घालू नका, कागद ठिसूळ होतो. पान दुमडताना तुटत असेल तर ते पुस्तक आता वाचायचं नाही. फोनवर पानांचे फोटो काढून ते वाचा आणि प्रत कापडात गुंडाळून आडवी ठेवा. पावसाळ्यात कपाटाचं दार अधूनमधून उघडं राहू द्या.