मदत हवी आहे: क्रोएशियन बास्केटबॉल सामन्याच्या तक्त्यातले आकडे जुळत नाहीत

मंडळी,

नोकरीनिमित्त सध्या क्रोएशियात, झादरला आहे. 'देवाने माणूस घडवला आणि झादरने बास्केटबॉल' अशी इथली म्हण आहे, आणि हॉललाही नाव आहे क्रेशिमिर चोसिच या खेळाडूचं. अशा गावात राहून सामने न बघणं अवघडच. तर बघायला लागलो. खेळ समजतो, घोडं अडलंय ते सामन्यानंतरच्या तक्त्यापाशी.

मी मूळचा क्लब क्रिकेटचा स्कोअरर. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण, आणि तेच गोलंदाजीच्या बाजूने पुन्हा ताडून बघायचं, ही सवय हाडात भिनलेली. इथला तक्ता तसा ताडायला गेलो तर:

रिबाउंडची, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेल्या चेंडूंची, बेरीज (इथे त्यांना 'स्कोकोवी' म्हणतात) खेळाडूंच्या ओळींवरून केली की संघाच्या एकूण आकड्यापेक्षा कमी भरते. टर्नओव्हरचंही (शॉट न घेताच चेंडू गमावणं) अधूनमधून तसंच. गुण मात्र दर वेळी चोख जुळतात.

दुसरी भानगड इंडेक्सची. झादरचा संघ देशांतर्गत लीगही खेळतो आणि आबा ही अनेक देशांच्या क्लबांची लीगही. दोन्हीकडे खेळाडूच्या ओळीत शेवटी एक गोळाबेरीज आकडा असतो. एका ठिकाणचं गणित मी कसंबसं उलगडलं, तेच दुसरीकडे लावलं तर उत्तर चुकतं. सूत्रं वेगळी आहेत का?

तिसरं, अधिक-उणेचा रकाना. संघात सर्वाधिक गुण करणारा खेळाडू उणे कसा काय असू शकतो? मग तो चांगला खेळला की वाईट?

कोणी नीट समजावून सांगेल का? एनबीए बघणारेही चालतील.

---

कोपऱ्यातला शूटर:

रिबाउंडचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. अवांतर! खेळाडूंच्या नावांखाली संघ/प्रशिक्षक अशी एक ओळ असते, ती तुम्ही सोडताय. फेकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला नाही आणि समोरच्याच्या हाताला लागून बाहेर गेला, तर रिबाउंड कुणा एकाच्या नावावर जात नाही, संघाच्या खात्यात पडतो. 24 सेकंदांत शॉट घेतला नाही तर तो टर्नओव्हरही संघाचाच. गुण कायम कुणाच्या तरी नावावर असतात, म्हणून ते जुळतात.

इंडेक्सची सूत्रं खरंच दोन आहेत. साधं सूत्र, जे फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) तक्त्यात एफिशिअन्सी म्हणून दिसतं: गुण + रिबाउंड + असिस्ट (बास्केट करून देणारा पास) + स्टील (हिसकावलेला चेंडू) + ब्लॉक (समोरच्याचा अडवलेला शॉट), यातून हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) आणि टर्नओव्हर वजा. आबा आणि युरोलीगवाले यात आणखी तीन गोष्टी धरतात. समोरच्याकडून मिळवलेले फाउल अधिक, आपण केलेले फाउल उणे, आपले ब्लॉक झालेले शॉट उणे.

समजा एकाने 10 पैकी 4 दोन-गुणी शॉट आणि 6 पैकी 6 फ्री थ्रो टाकले, म्हणजे 14 गुण. 6 रिबाउंड, 3 असिस्ट, 1 स्टील, 2 टर्नओव्हर. पहिल्या सूत्राने 24 वजा 8, म्हणजे 16. आता त्याने 6 फाउल मिळवले, 2 केले, आणि त्याचा एक शॉट ब्लॉक झाला. दुसऱ्या सूत्राने 19. तोच सामना, तोच गडी! घुसून फाउल काढणाऱ्यांना आबाचा आकडा नेहमी झुकतं माप देतो. माझं मत विचाराल तर दोन्ही आकडे फार मनावर घेऊ नयेत, बचाव त्यात जवळपास दिसतच नाही.

---

जुना बेंचवाला:

ताडून बघायची हौस आहे ना? मग हे घ्या. सगळ्या खेळाडूंच्या मिनिटांची बेरीज 200 यायला हवी (40 मिनिटं, पाच जण), आणि दर जादा डावाला 25 वाढतात. अधिक-उणेची बेरीज फरकाच्या पाचपट. 8 गुणांनी जिंकलात तर +40. आणि तुमचे ब्लॉक म्हणजे त्यांचे ब्लॉक झालेले शॉट.

अधिक-उणे म्हणजे तो खेळाडू मैदानावर असताना संघ किती पुढे गेला किंवा मागे पडला, एवढंच. सोबतचे चार जण ढेपाळले तर याचाही आकडा उणे. एका सामन्यापुरता तो जवळपास निरुपयोगी.

गुणांचंही तेच. क्रोएशियातच आहात तर द्राझेन पेत्रोविचचे 112 गुण ऐकले असतीलच. 5 ऑक्टोबर 1985, युगोस्लाव्ह लीग, त्याचा झाग्रेबचा संघ त्सिबोना विरुद्ध ल्युब्ल्यानाचा ऑलिंपिया, 158-77. 60 पैकी 40 शॉट, त्यात 20 पैकी 10 तीन-गुणी, आणि 22 पैकी 22 फ्री थ्रो. तीन-गुणीला दीडपट धरून टक्केवारी काढली तर 75 येते. आता यात तक्ता काय सांगत नाही? नोंदणीच्या घोळामुळे ऑलिंपियाचे मुख्य खेळाडू खेळूच शकले नव्हते, समोर ज्युनियर पोरं होती. पेत्रोविच थोरच, पण ओळ वाचताना समोर कोण होतं ते बघावं लागतं.

---

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. कालच्या तक्त्यात ती संघाची ओळ धरली आणि रिबाउंड जुळले. मिनिटंही 200.

आता एकच शंका. इथल्या सामन्यांत असिस्ट जरा सढळ हाताने देतात असं वाटतं. पास मिळालेल्याला फाउल झाला, बास्केट झालीच नाही, तरी पास देणाऱ्याच्या नावावर असिस्ट लागला. नोंदवणाऱ्याची चूक म्हणायची का?

---

कोपऱ्यातला शूटर:

चूक नाही. फिबाच्या नियमानुसार त्या फाउलवरचा निदान एक फ्री थ्रो पडला तर असिस्ट मिळतो. एनबीएत मिळत नाही. त्यामुळे दोन्हीकडचे असिस्ट शेजारी मांडून तुलना करू नका.