दोघांनी तीन दिवस कोलकाता: विमानाचा भरवसा धरावा का?

कोथरूडची_मी

जानेवारीत मी आणि नवरा कोलकात्याला जायचं म्हणतोय. शुक्रवारी निघायचं, सोमवारी परत. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेली, सासूबाई नणंदेकडे राहायला तयार झाल्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच कुठेतरी जाणार आहोत. त्याला कॉलेज स्ट्रीटवरची जुनी पुस्तकं चाळायची आहेत, मला कुमारटुली, म्हणजे तिथली मूर्तिकारांची वस्ती, बघायची आहे. बाकी जे दिसेल ते.

काळजी कोलकात्याची नाही, विमानाची आहे. मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला लखनौला निघालो होतो. टॅक्सीत बसेपर्यंत ‘विमान वेळेवर’ असा मेसेज. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर सामान दिलं, ट्रेमध्ये पट्टा-घड्याळ ठेवून आत गेलो आणि मग वेळ पुढे पुढे सरकायला लागली. गेट बदललं, परत बदललं. शेजारी एक आजोबा बसले होते. इन्सुलिन घेतलं की लगेच खावं लागतं, म्हणून ते सारखे काउंटरवर जाऊन विचारत होते की नक्की किती वाजता निघणार, म्हणजे इंजेक्शन आत्ता घेऊ की थांबू. त्यांना कुणी धड उत्तर देईना. शेवटी माझ्याजवळच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही तिघांनी मिळून खाल्ली. लग्नघरी पोचलो तेव्हा सीमांतपूजन उरकलं होतं. बहीण काही बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

परत येताना दोघांच्या सीट लांब लांब, एक ११व्या रांगेत आणि एक २६व्या.

तीन दिवसांतला एक असा गेला तर उरलं काय? आझाद हिंद एक्स्प्रेसने जायचं तर नुसत्या जाण्यातच दीड दिवस मोडतो, तेवढी रजा नाही. कुठल्या वेळेचं विमान घ्यावं आणि उशीर झाला तर हक्काने काय मागता येतं, हे अनुभवी लोकांनी सांगावं.

रॅम्पवरचा

ताई, मी विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये आहे. कुठे ते विचारू नका, पण आतलं जे माहीत आहे ते सांगतो.

आधी त्या आजोबांबद्दल. काउंटरवरच्या पोराला बहुतेक वेळा खरंच माहीत नसतं. एकच विमान दिवसभरात चार-पाच शहरं फिरतं. सकाळी उत्तरेत कुठेतरी धुक्यात अडकलं की दुपारी पुण्याच्या माणसाला त्याचा फटका बसतो, इथे लख्ख ऊन असलं तरी. म्हणून ‘किती वाजता निघणार’ असं विचारू नका. ‘आमचं येणारं विमान आत्ता कुठे आहे’ असं विचारा. याचं उत्तर त्यांच्या स्क्रीनवर असतं. ते विमान अजून दुसऱ्या शहरातून उडालंच नसेल, तर तिथून इथवरचा वेळ अधिक उतरवून-चढवून पाऊण तास, हा हिशोब तुम्हीच करू शकता. फ्लाइटरडार या अ‍ॅपवर कुठलं विमान कुठे आहे ते घरबसल्याही बघता येतं. आजोबांना एवढं कुणी सांगितलं असतं तरी त्यांचं जेवणाचं ठरलं असतं. तब्येतीचं कारण असेल तर ड्युटी मॅनेजरला बोलवा असं स्पष्ट म्हणायचं, त्यात भीड धरू नका.

आता वेळेचं. ‘दिवसातलं पहिलं विमान घ्या’ असं सगळे सांगतात आणि वर्षभर ते बरोबरच आहे, कारण ते विमान रात्रीच येऊन उभं असतं. पण जानेवारीत कोलकात्याला जाताना हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. दमदमला, म्हणजे कोलकात्याच्या विमानतळावर, डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुकं पडतं. साधारण नऊनंतर उन्हाने ते विरतं. म्हणजे तिथे दहाच्या पुढे उतरणारं विमान बघा, आणि संध्याकाळच्या शेवटच्या विमानाच्या नादी लागू नका, कारण दिवसभराचा साचलेला उशीर त्याच्याच वाट्याला येतो. थेट विमान मिळत असेल तर हजार-दीड हजार जास्त गेले तरी तेच घ्या. मध्ये बदलायचंच असेल तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवीत. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही.

हक्काचं: डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाचे, नियम आहेत आणि ते मोबाइलमध्ये उतरवून ठेवावेत. पुणे-कोलकाता उड्डाण अडीच तासांच्या वरचं आहे, त्यामुळे तीन तासांहून जास्त उशीर झाला की खाणं-पिणं कंपनीने द्यायचं. त्याहून छोट्या उड्डाणाला हीच मर्यादा दोन तासांची. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, ही निवड प्रवाशाची. रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेलची सोय द्यावी लागते. विमान रद्द झालं आणि २४ तास आधी कळवलं नसेल तर भरपाईही असते. दोन तासांहून लांबच्या उड्डाणाला ती १०,००० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. मात्र कारण धुकं किंवा एटीसीचं (हवाई वाहतूक नियंत्रणाचं) असेल तर रोख भरपाई मिळत नाही, त्यावरून काउंटरवर भांडून उपयोग नाही. बुकिंग करतानाच मोबाइल नंबर स्वतःचा द्या, एजंटचा नको. कळवल्याचा मेसेज एजंटकडे पडून राहतो आणि कंपनी म्हणते आम्ही कळवलं होतं. दाद नाही मिळाली तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, बोर्डिंग पास आणि मेसेज जपून ठेवा.

सीटचं म्हणाल तर लहान मुलांना पालकांशेजारी बसवायचा नियम आहे, तुम्ही दोघांनी मात्र नियमावर विसंबू नका. वेब चेक-इन सुरू झाल्या झाल्या करा. पैसे न देता जागा मिळतातही, पण तेव्हाच.

निशिगंध_नाशिक

वरचं सगळं पटलं. माझी एक भर. जाताना फक्त हातातली बॅग न्या, प्रत्येकी ७ किलोत तीन दिवस सहज होतात. उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहायला नको आणि विमान रद्द झालं तर सामान सोडवत बसायला नको. येताना पुस्तकं असणार, म्हणून आत एक रिकामी घडीची बॅग ठेवा आणि ती चेक-इनला द्या, १५ किलोपर्यंत चालते. पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

आणि बहिणीला एकदा फोन करून मनातलं बोला. मी माझ्या मोठ्या बहिणीशी असंच बोलले नव्हते, दोघी वर्षभर कुढत राहिलो.

दमदमकर

मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात. ताई, या तुम्ही. विमानाने येणारा दिवस मोकळा ठेवा, एवढंच ऐका. शुक्रवारी काहीही ठरवू नका. वेळेवर पोचलात तर संध्याकाळी बाबूघाटावरून फेरीबोटीने पलीकडे हावड्याला जा आणि येताना मेट्रोने या. ही मेट्रो मार्च २०२४पासून हुगळीच्या पात्राखालून धावते, नदी ओलांडायला पाऊण मिनिट लागतं. उशिरा पोचलात तर जेवून झोपा, काही बुडत नाही.

कॉलेज स्ट्रीट शनिवारीच. रविवारी पुस्तकांची बहुतेक दुकानं बंद असतात आणि हा घोटाळा बाहेरून येणाऱ्यांचा नेहमी होतो. दादांना सांगा, दुकानदाराला लेखकाचं नाव द्यायचं आणि थांबायचं. तो मान वर न करता आतल्या पोराला हाक मारतो, पोरगा शिडीवर चढतो आणि थप्पीच्या मधोमध असलेलं पुस्तक वरची थप्पी न पाडता ओढून काढतो. घाई केली तर ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. मग वरच्या मजल्यावरच्या कॉफी हाउसमध्ये बसा, कुणी उठवत नाही.

रविवारी सकाळी कुमारटुली. जानेवारीत तिथे सरस्वतीच्या मूर्तींचं काम चाललेलं असतं, कारण वसंत पंचमी तोंडावर असते. पेंढ्याचा सांगाडा, त्यावर मातीचा पहिला हात, मग बारीक मातीचा दुसरा, हे सगळं एकाच गल्लीत शेजारी शेजारी दिसतं. बोटं मात्र वेगळी करून नंतर जोडतात, तो कारागीर सापडला तर तिथे थांबा. फोटोआधी विचारा, गल्ल्या अरुंद आहेत आणि माणसं कामात असतात.

व्हिक्टोरिया मेमोरियल, इंडियन म्युझियम आणि जोडासांको ठाकुरबाडी (रवींद्रनाथ टागोरांचं घर), तिन्ही सोमवारी बंद. बघायची असतील तर रविवार दुपार. सोमवारी परतीचं विमान दुपारचं घ्या, सकाळच्या धुक्यात नको.

विमानतळाला ऑगस्ट २०२५पासून मेट्रो आली आहे. ‘जय हिंद बिमानबंदर’ला बसायचं, नोआपाड्याला बदलायचं, तिथून पार्क स्ट्रीट, एस्प्लनेड सरळ. हातातली बॅग असेल तर टॅक्सीपेक्षा हेच बरं. विमानतळावर अडकलात तर उडान यात्री कॅफे शोधा, तिथे चहा १० रुपयांत सुरू केला होता, बाकी दुकानांतले भाव तुम्हाला माहीत आहेत.

नोलेन गूड, म्हणजे खजुरीच्या रसाचा गूळ, जरूर न्या, मोसम तोच आहे. पाटाली घट्ट असते, ती कुठेही ठेवा. पातळ झोला गूड चेक-इनच्या बॅगेत, घट्ट झाकणाच्या बाटलीत, पिशवीत बांधून.

कोथरूडची_मी

मनापासून आभार. रॅम्पवरच्या दादांचा निरोप मी वहीत उतरवून घेतला. त्या आजोबांना हे सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं, हेच डोक्यात येतंय.

दहानंतर उतरणारं थेट विमान बघते आहे, दोघांचं एकाच पीएनआरवर. परतीचं सोमवारी दुपारचं. नवरा म्हणतो शनिवार अख्खा कॉलेज स्ट्रीटला द्यायचा. मी म्हटलं दे, रविवार सकाळ माझी.

निशिगंध, बहिणीला काल फोन केला. तासभर बोललो.

दमदमकर, एक विचारायचं राहिलं: कुमारटुलीला सकाळी किती वाजता गेलेलं बरं, आणि जवळचं मेट्रो स्टेशन कुठलं?

दमदमकर

शोभाबाजार सुतानुटी. तिथून चालत दहा-बारा मिनिटं. रविवारी मेट्रो इतर दिवसांपेक्षा उशिरा सुरू होते, तेव्हा साडेनऊ-दहाच्या सुमाराला पोचा. ऊन वर आलेलं असतं आणि मूर्ती वाळवायला बाहेर काढायला लागलेले असतात.