रत्नागिरीत बघण्यासारखं काय आहे? (अनुभव सांगा)

आठळी
परवा भाच्याचा फोन. "मावशी, गणपतीपुळ्याला चाललोय, वाटेत रत्नागिरीत थांबण्यासारखं काही आहे का गं?" वाटेत म्हणे! माझं अख्खं लहानपण त्या 'वाटेत' गेलं.

फोन ठेवला आणि आठवला तो झाडगावच्या मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा. तिसरीत सहल गेली होती. बाई म्हणाल्या, रांग मोडायची नाही. मी फासळ्या मोजायला लागले, चौदाच्या पुढे चुकले, परत पहिल्यापासून. तोवर रांग गेली पुढे. काचेतले रंगीत मासे राहिले ते राहिलेच. बाई शोधत आल्या आणि माझा कान पिरगाळला, त्यात आकडाही गेला. अजून माहीत नाही किती फासळ्या ते.

तुमच्या आठवणी सांगा. भाच्याला हाच धागा पाठवणार आहे.

घाटावरचा
थिबा राजवाडा! धो धो पावसात गेलो होतो. लाल वाडा, उतरती कौलं. बायको म्हणाली, ब्रह्मदेशचा राजा इतक्या लांब कशाला आला? म्हटलं आला कसला, इंग्रजांनी आणून ठेवला. 1885 ला राज्य गेलं, 1886 मध्ये रत्नागिरी. हा वाडा बांधून झाला 1910 मध्ये आणि 1916 ला राजा वारला. म्हणजे चोवीस वर्षं इतर बंगल्यांत काढली आणि स्वतःच्या वाड्यात जेमतेम सहा. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं असंच होणार बहुतेक.

निवळकांडी
@घाटावरचा 😂😂 आमचीपण. भाडं तरी वेळेवर देतो का बिल्डर?

घाटावरचा
तो वेगळा धागा काढावा लागेल.

माहेरवाशीण७२
राजवाडा सगळे बघतात, थिबा राजाच्या समाधीकडे कोणी फिरकत नाही. शिवाजीनगरात, घरांच्या गर्दीत आहे. आमची गणिताची शिकवणी तिकडेच होती, कितीदा बाजूने सायकल मारली असेल, आत काय आहे ते विचारलंसुद्धा नाही. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष दर्शनाला आले तेव्हा पेपरात फोटो बघून मी आईला फोन केला, अगं हे तर आपल्या क्लासजवळचं! राजाची नात टूटू इथेच वाढली, इथलीच झाली. आई सांगायची तिच्याबद्दल. नंतर लिहिते, कुकर झाला.

पावशेर_कोलंबी
सगळं सोडा, मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर सकाळी जा. बोटी लागल्या की बघा. पांढरे कपडे घालू नका एवढंच.

दांडेकरांचा_नातू
भगवतीचा किल्ला. पाटीवर रत्नदुर्ग लिहिलंय, पण रिक्षावाल्याला भगवती सांगा. घोड्याच्या नालेसारखा आकार आणि तिन्ही बाजूंना समुद्र. वर देवीचं देऊळ, पलीकडच्या टेकडीवर दीपगृह. आजी दरवर्षी ओटी भरायला न्यायची. एकदा बुरुजावरून वाकून बघताना माझी नवी कोरी स्लीपर गेली खाली खडकात. आजी म्हणाली, देवीला वाहिली समज. दुसरी पण टाक म्हणाली, एक घेऊन काय करणार ती. टाकली! घरी येईपर्यंत पाय भाजले आणि आईने आजीशी दोन दिवस अबोला धरला.

आठळी
@दांडेकरांचा_नातू आजी ग्रेट 😄

कोकणकन्या_एस४
मी रत्नागिरीत नऊ वर्षं नोकरी केली, त्यातली चार टिळक आळीत भाड्याने. टिळकांचं जन्मस्थान आतून बघितलं नाही. पाहुणे आले की दारापर्यंत सोडायचे, "तुम्ही बघून या, मी भाजी घेते."

ओंकार_पुणे
पतितपावन मंदिर राहिलं की. 1931 चं. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, खर्च भागोजीशेठ कीरांनी केला. सगळ्या जातींच्या लोकांना थेट गाभाऱ्यापर्यंत जाता यावं म्हणून बांधलेलं. आजोबा तिथल्या सहभोजनाला जेवले होते. घरी आल्यावर पणजीने त्यांना विहिरीवर आंघोळ करायला लावली, आणि मग गुपचूप विचारलं, जेवायला काय होतं?

निवळकांडी
मग काय होतं???

ओंकार_पुणे
ते आजोबांनी कधीच सांगितलं नाही 😀

सागरगोटा
मांडवीची काळी वाळू. शाळेत विज्ञानाचे सर लोहचुंबक घेऊन न्यायचे. वाळूत फिरवलं की चुंबकाला दाढी यायची. आम्ही ती कागदाच्या पुडीत बांधून घरी आणायचो. भावाने माझी पुडी मोहरी समजून फोडणीत टाकली होती. आमटी फेकली, मार मला.

पावशेर_कोलंबी
@सागरगोटा 🤣🤣 चव कशी होती?

नवी_मुंबईकर
स्टेशनवरून शहरात यायचे रिक्षावाल्याने अव्वाच्या सव्वा घेतले, बाहेर चालत गेलो असतो तर एसटी मिळाली असती म्हणे. आधीच मांडवी एक्स्प्रेस दोन तास लेट. मूड गेला. पण संध्याकाळी भाट्याच्या पुलावर उभे राहिलो, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, मग आला परत.

माहेरवाशीण७२
आले. कुकर करपला. टूटूचं राहू दे, भाच्याला सांग आरे-वारेच्या रस्त्याने जा पुळ्याला, हायवेने नको. वळणावर गाडी थांबवायची, दोन्ही किनारे एका नजरेत दिसतात. आणि @कोकणकन्या_एस४ तू टिळक आळीत कुठे गं? आमची मावशी तिथेच.

कोकणकन्या_एस४
गणपतीच्या देवळाजवळ. मावशींच्या दारात बकुळ आहे का?

माहेरवाशीण७२
अगं हो!! व्यक्तिगत निरोप पाठवते.

आठळी
भाच्याचा मेसेज आला आत्ता. "मावशी, सगळं वाचलं. हापूसची पेटी कुठे चांगली मिळेल?"

फासळ्या मोजून ये म्हटलं, मग सांगते.